दुकानावरून जाणारा रस्ता

माझं दुकान पाडायचा बेत माझ्याच नवऱ्याने आखला होता, आणि तो मला कळला भर सभेत, अख्ख्या बाजाराबरोबर. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण त्यांचा विषय निघाला की लोक लगेच सुरू होतात, काय तो माणूस, काय ती शिस्त, काय तो कामाचा उरक. असेल बाबा. तुम्ही त्या शिस्तीशी संसार केलेला नाही.

त्यांना सगळे मेजर म्हणतात. मेजर ते एक दिवसही नव्हते. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण हवालदार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चौकात शिट्टी फुंकणारा पोलीस येतो. तेव्हा आमच्या बाजारातल्या टेलरने त्यांच्या खांद्याचं माप घेता घेता परस्परच बढती देऊन टाकली. यांनी दोन-चार वेळा दुरुस्ती करून पाहिली. टेलर म्हणाला, "बरं मेजर, यापुढे नाही म्हणणार मेजर." मग यांनी नाद सोडला. चारचौघांत मीही मेजरच म्हणते. घरात 'अहो'.

सैन्यात ते पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. लोखंडी भाग ट्रकमधून न्यायचे, नदीवर जोडायचे, सगळी फौज पलीकडे गेली की उलगडायचे आणि पुढच्या नदीवर. तरुणपण सारं असं गेलं त्यांचं, जोडा आणि उलगडा. सुट्टीवर घरी आले की पहिले दोन दिवस नुसते झोपायचे. तिसऱ्या दिवशी उठायचे आणि घर दुरुस्त करायला काढायचे. दाराची बिजागरी काढली, न्हाणीघराची फरशी उचकटली, की नेमकी सुट्टी संपायची. पुढची सुट्टी येईपर्यंत मी त्या उचकटलेल्या फरशीवरून उड्या मारत अंघोळीला जायची, कडेवर लेक घेऊन.

मी औषधाच्या दुकानात होते. आधी कामाला, म्हाताऱ्या मालकांच्या हाताखाली. फार्मसीचा डिप्लोमा लग्नाआधीच झाला होता माझा. मालक थकले, त्यांची मुलं परदेशात, तेव्हा दुकान त्यांनी माझ्याच हवाली केलं. बसस्टँडवरून मोठ्या हॉस्पिटलकडे जाणारा जो रस्ता आहे ना, त्याच्या डाव्या हाताला दुकानांची एक बैठी ओळ आहे. आधी घड्याळवाला, मग चावीवाला, टेलर, सलून, मग मी, आणि पुढे आणखी बरीच. माझं दुकान म्हणजे काय, समोर काचेचं काउंटर, मागे छतापर्यंत कप्पे, कोपऱ्यात इन्शुलिनचा फ्रीज, आणि काउंटरमागे एक माणूस उभा राहील एवढी जागा. तिथे मी आयुष्य उभ्याने काढलं. तक्रार म्हणून सांगत नाही. मला आवडायचं तिथे.

चाळिशीच्या आत ते निवृत्त झाले आणि कायमचे घरी आले. मी खूश. लेकही खूश. आठवडाभरात दोघींच्या नाकी नऊ आले. पहाटे उठून अंथरुणाच्या घड्या, त्यासुद्धा आम्ही त्यात असताना. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी उंचीप्रमाणे लावले. मला साखर सापडेना. चहात दोनदा मीठ पडलं, तर म्हणे, लेबलं का लावत नाहीस. बसायचे म्हणून नाहीत. जेवताना एक पाय पाटाबाहेर सरकवून तयार, जणू कुणी हाक मारली तर उठायला उशीर नको. शेवटी एक दिवस मी हात जोडले. म्हटलं, "अहो, जरा बाहेर फिरून या ना. कुठेही."

राजकारणात त्यांना कुणी आणलं असं लोक विचारतात. असं मी आणलं.

फिरायला गेलेला माणूस दुपारी परतला तो कमरेपर्यंत गाळाने माखलेला. कोपऱ्यावरची मोरी तुंबली होती. नगरपालिकेचा मुकादम म्हणाला उद्या बघू. यांना उद्या हा शब्द चालत नाही, शर्ट काढला आणि उतरले आत. दुसऱ्या दिवशी मुकादमाला लाज वाटून तोही उतरला. मग दिव्यांचे खांब झाले, मग पाण्याची टाकी, मग शाळेची भिंत. पुढच्या निवडणुकीत गल्लीने त्यांना उभंच केलं. प्रचार कसा केला माहीत आहे? मत मागायला घरात जायचे आणि गळका नळ दिसला की वॉशर बदलून यायचे. मताचं बोलायचं राहूनच जायचं. तरी निवडून आले.

नगरसेवक म्हणून दोन खेपा काढल्या. कंत्राटदार त्यांना बघून रस्ता बदलायचे, कारण यांच्या खिशात नेहमी एक मोठा खिळा, दिसलं नवं प्लॅस्टर की ओरखडा मारून बघ. सभेत मात्र यांची पंचाईत. बसवत नाही. भिंतीला टेकून उभे राहायचे. खुर्ची रिकामी दिसली म्हणून हजेरीवाल्याने एकदा यांना गैरहजर लावलं, आणि त्याच सभेत सगळ्यात जास्त हे बोलले होते. प्रत्येक खेपेला मला म्हणायचे, ही शेवटची. मी ऐकून घ्यायची. ऐकण्याशिवाय दुसरं काय हातात होतं.

आता त्यांची एक सवय सांगते, कारण सगळं रामायण तिच्यामुळे झालं. सैन्यात म्हणे हुकूम देणारा माणूस आधी सगळं समजावून सांगतो. नकाशा, वेळ, कोण पुढे, कोण मागे. मग विचारतो, "शंका?" ज्याला काही बोलायचं असेल त्याने तिथल्या तिथे बोलायचं. कुणी बोललं नाही, तर तो सगळ्यांचा शब्द झाला. मग पुढे कुरकुर नाही, मागे कुचकुच नाही, कारण त्यावर माणसांचे जीव असतात. हे त्यांच्या हाडात मुरलेलं. घरात गॅसची शेगडी बदलायची असली तरी, "उद्या नवीन आणतो. शंका?" विधानसभेचं तिकीट असंच आलं. पक्षाचे आमच्या भागातले सर्वेसर्वा, त्यांना सगळे कारभारी म्हणतात, ते घरी चहाला येऊन गेले. रात्री जेवताना हे म्हणाले, "विधानसभेला उभा राहतोय. शंका?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी भाजी वाढत होते. ती त्यांच्या ताटात जरा जोरातच आपटली. दुसरा नवरा असता तर त्याला कळलं असतं. हे म्हणाले, "ठरलं."

आमदार झाले. राजधानीला आमदार निवासात खोली मिळाली, इकडे घर होतंच, आणि ते दोन्हीकडे नसायचे. सतत गाडीत. फोनवर मागून गाडीचा आवाज, हॉर्नचा आवाज, आणि "हां, बोल पटकन." लेकीचं लग्न ठरलं ते मी ठरवलं. लग्नात होते, नाही असं नाही, पण मंडपातला लाइटवाला त्यांच्यापेक्षा जास्त वेळ एका जागी उभा होता.

तर एका सकाळी माझ्या दुकानासमोर ॲम्ब्युलन्स अडकली. पुढे ट्रक माल उतरवतोय, बाजूला स्कूटरी लावलेल्या, मागे बस. सायरन वाजतोय आणि चाक हलत नाही. हे त्या दिवशी नेमके घरी होते आणि मला डबा द्यायला आले होते. डबा काउंटरवर टाकला आणि धावले. ॲम्ब्युलन्सच्या पुढे चालत, हाताने स्कूटरी उचलून बाजूला करत, हॉस्पिटलपर्यंत गेले. आतली बाई वाचली नाही. रस्ता मोकळा असता तर वाचली असती का, ते कुणाला ठाऊक. डॉक्टरांनाही नाही. पण परत आले तेव्हा चेहरा असा होता की मी काही विचारलं नाही. माझ्या काउंटरला दोन्ही हात टेकून रस्त्याकडे बघत होते. ते रस्ता मोजतायत हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मग एका रविवारी शाळेच्या हॉलमध्ये दुकानदारांची सभा बोलावली. विषय, रस्ता. मला वाटलं, स्कूटरी कुठे लावायच्या ते सांगतील. मी तिसऱ्या रांगेत, फुलवाल्या बाईशेजारी. हे आले, भिंतीवर नकाशा टांगला, हातात छडी. पहिला टप्पा, दुसरा टप्पा, तिसरा टप्पा. दोन पदरी रस्ता, बसस्टँडपासून हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत सरळ. नकाशावर तांबडी रेघ होती. ती घड्याळवाल्याच्या टेबलावरून निघाली, टेलरच्या मशीनवरून गेली, सलूनच्या आरशातून आरपार आणि बरोबर माझ्या काउंटरवरून. सगळ्यांना गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गाळे मिळणार. वरच्या मजल्यावर. औषधाचं दुकान वरच्या मजल्यावर, बोला. तापाने फणफणलेला माणूस जिने चढून येणार आणि मी त्याला गोळी देणार.

फुलवालीने माझ्या बरगडीला कोपर मारलं. मी जागची हलले नाही. डोक्यात नुसता जाळ. आदल्या दिवशी मी याच माणसाचा शर्ट इस्त्री केला होता.

यांनी छडी खाली ठेवली आणि विचारलं, "कुणाला शंका?"

हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल. आता आमचा बाजार कसा आहे ते सांगते. आमच्यात मोठ्या माणसाला चारचौघांत तोंडावर कुणी बोलत नाही. तो अपमान समजतात. सभेत सगळे गप्प बसतात, मान खाली, आणि खरं बोलणं होतं सभा संपल्यावर, दाराशी, चपला शोधता शोधता. तिथे मग एक जण म्हणतो, साहेब, जरा एक बोलायचं होतं, आणि मागे दहा जण गोळा होतात. आजवर बाजाराचं जे काही ठरलं ते सगळं त्या चपलांच्या ढिगात ठरलं. आणि मी? मी भर सभेत नवऱ्याशी भांडणार होते की काय? घरी येऊ देत, मग दाखवते, असं मनात म्हटलं.

ते म्हणाले, "ठीक आहे, ठरलं." नकाशा गुंडाळला, स्टेजच्या मागच्या दाराने गाडीत बसले आणि तसेच राजधानीला गेले. दुसऱ्या दिवशी अधिवेशन होतं. पुढच्या दाराशी सगळे चपला हातात घेऊन उभे, आणि बोलायला समोर कुणी नाही.

फोन लावला, तर बंद. मंगळवारी मी सलूनमध्ये धावत गेले, कारण सलूनवाल्याने भिंतीवर थाप मारून हाक दिली, "वहिनी, टीव्हीवर मेजर." गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण. तोही मान वळवून बघतोय. पडद्यावर हे उभे, एकदम ताठ. म्हणाले, "माझ्या बाजारातल्या प्रत्येक दुकानदाराची या रस्त्याला संमती आहे. मी त्यांच्यासमोर उभं राहून विचारलं. एकानेही शंका काढली नाही." बाकं वाजली. सलूनवाल्याने वस्तरा खाली ठेवला.

त्या दिवसापासून बाजार माझ्याशी बोलेना. घड्याळवाला माझ्याकडून रक्तदाबाची गोळी न्यायचा, तो स्टँडवरच्या दुकानात जायला लागला. चावीवाल्याने तोंडावर विचारलं, "वहिनी, तुम्हाला आधीच ठाऊक असणार. तुमचा गाळा तळमजल्यावर का?" मी म्हटलं, मलाही तुमच्याबरोबरच कळलं. त्याने हो हो म्हटलं. कोण विश्वास ठेवणार? आमदाराची बायको आणि तिला माहीत नाही? माझाच बसला नसता. काउंटरमागे उभी राहायची आणि वाटायचं, ही जागा तर जाणारच, पण त्याआधी माणसंही गेली.

शुक्रवारी हे घरी आले. मी जेवण वाढलं नाही. म्हटलं, "आधी बोलायचंय."

"बोल."

"माझं दुकान पाडताय आणि मला घरात सांगता आलं नाही?"

"सभेत सांगितलं की सगळ्यांना एकदम. घरच्यांना आधी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बायकोला आतली बातमी." ते स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत. "आणि तू तिथे होतीस. विचारलं मी. तुझ्याही तोंडून एक शब्द आला नाही."

"तुमच्या पलटणीत गप्प बसलं म्हणजे होकार असेल. इथे गप्प बसले ते रागाने बसले. सगळे. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. त्यांना दाराशी बोलायचं होतं आणि तुम्ही मागच्या दाराने पळालात."

ते थांबले. इतक्या वर्षांत ते असे मध्येच थांबलेले मी पाहिले नव्हते. म्हणाले, "सगळे?"

"सगळे."

"म्हणजे मी सभागृहात खोटं सांगितलं."

मला दुकानाचं बोलायचं होतं. त्यांच्या डोक्यात तेच एक घुसलं. सैन्यात खोटी खबर देणं म्हणजे काय असतं ते मी बाहेरूनच ऐकलंय. पुलाचा नट आवळला नसताना आवळला म्हणून सांगितलं तर पुढचा ट्रक नदीत जातो. ते खुर्चीवर बसले. आपणहून बसले. जेवण मी वाढलं मग, पण त्यांनी ताट सरकवलं.

सकाळी बाजार उघडायच्या वेळेला निघाले. छडी नाही, नकाशा नाही, ड्रायव्हर नाही. म्हणाले, ज्याने चुकीचा हुकूम दिला त्यानेच तो मागे घ्यायला माणसागणिक जायचं असतं. घड्याळवाल्यापासून सुरुवात केली. मी माझं शटर वर करून बघत होते. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी तुम्हाला दाराशी काय बोलायचं होतं, ते आता बोला." घड्याळवाला आधी म्हणाला, काही नाही साहेब. हे बसून राहिले. गुडघा वरखाली, वरखाली, हाताने दाबून धरतायत तरी थांबत नाही. पण उठले नाहीत. शेवटी घड्याळवाला बोलला, आणि एकदा तोंड उघडल्यावर मग काय. वर्षानुवर्षं डोळ्याला भिंग लावून वाकून बसणारा गरीब माणूस, पण त्याचा आवाज सलूनपर्यंत आला. रस्ता अरुंद नाही म्हणाला, तुमच्या पक्षाच्या गाड्या आडव्या लागतात. ट्रक भर गर्दीच्या वेळी माल उतरवतात, ते बंद करायची हिंमत नाही आणि आमची दुकानं पाडायला निघालात. टेलर म्हणाला, मेजर म्हटलं तुम्हाला, ते आता परत घेतो. चावीवाल्याने तर मलाही मध्ये ओढलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

माझ्याकडे आले तेव्हा दुपार होत आली होती. पुढे एक म्हातारी डोळ्यांचे थेंब घेत होती, तिच्यामागे खोकल्याच्या औषधाला एक जण. हे पुढे सरकले. मी म्हटलं, "रांगेत." राहिले रांगेत.

त्यांची पाळी आली. मी काउंटरमागे, ते समोर. म्हटलं, "बोलू ना? मग मधेच निघायचं नाही."

"नाही निघत."

"तुम्ही सैन्यात होतात तेव्हा लेकीला गोवर आला, मी तिला इथे काउंटरखाली पोतं टाकून झोपवलं. तुमच्या आई गेल्या त्या आठवड्यात मी रोज हॉस्पिटल, इथे, घर, परत इथे. रडायला वेळ मिळाला तो याच कप्प्यांकडे तोंड करून, गिऱ्हाइकाला पाठ दिसते ना. तुमचे पूल उलगडून दुसरीकडे नेता यायचे. तुम्हीही तसेच. आज इथे, उद्या तिथे. कुणीतरी एका जागी राहायला लागतं. मी राहिले. ही ती जागा आहे. मला दुसरीकडे कुठेही जायचं नाही, तळमजल्यावर दिलंत तरी नाही."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंत कधी? तुम्ही सगळं ठरवून मग शंका विचारता."

ते रांगेतून बाजूला झाले. मागे एक माणूस चिठ्ठी घेऊन उभा होता. मी त्याची औषधं काढायला वळले. गोळ्यांच्या पट्टीवर कात्री नीट चालेना.

कारभाऱ्यांना लगेच वास लागला. संध्याकाळी घरीच आले. रस्ता म्हणजे केवढं काम, कुणाकुणाला शब्द गेलेले. गोड बोलले आधी. मग म्हणाले, "मेजर, सभागृहात एकदा बोललेलं मागे घेतलंत तर पुढच्या वेळी आमच्या पक्षात तुमच्यासाठी जागा नाही. विचार करा."

हे म्हणाले, "विचार करण्यासारखं त्यात काही नाही. खबर खोटी होती."

मी आतून ऐकत होते. खरं सांगते, माझ्या मनात आलं, जाऊ दे ना, थोडं गोलमाल बोला, समिती नेमा म्हणा, दुकानही राहील आणि आमदारकीही. तोंडापर्यंत आलं. पण ते दुकानाचं नव्हतंच राहिलं त्यांच्यासाठी.

पुढच्या मंगळवारी सलूनमध्ये अख्खा बाजार. पडद्यावर हे उभे राहिले. "मी या सभागृहाला गेल्या आठवड्यात चुकीची माहिती दिली. दुकानदारांची संमती नव्हती. ते गप्प होते आणि मी तो होकार समजलो. तो माझा शब्द मी मागे घेतो आणि रस्त्याची मागणीही." समोरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "काय मेजर, माघार?" सभागृह हसलं. यांच्या पक्षाचे लोक खाली बघत होते. हे म्हणाले, "हो. माघार." आणि बसले. टेलरने डोळे पुसले, आणि वर म्हणतो, सलूनमधल्या पावडरने डोळे चुरचुरतात.

दुकान राहिलं. रस्ता एकेरी झाला, आम्ही सगळ्यांनी पुढची पत्र्याची पडवी आत घेतली, ट्रक आता उजाडायच्या आत येऊन जातात. ॲम्ब्युलन्स जाते. बहुतेक वेळा जाते. कधी अडकली की मी काउंटर सोडून बाहेर धावते, आणि मला त्या बाईची आठवण होते.

तिकीट दुसऱ्याला मिळालं. मुदत संपली, आमदार निवासातली खोली सोडून हे दोन बॅगा घेऊन घरी आले. आणि काही दिवसांनी बाजारातली माणसं दुकानात आली. घड्याळवाला, टेलर, चावीवाला, फुलवाली. म्हणाले, मेजर, नगरपालिकेला परत उभे राहा. पक्ष गेला खड्ड्यात, आम्ही आहोत. हे माझ्या काउंटरच्या बाजूला स्टुलावर होते. त्यांचं अंग एकदम ताठ झालं. चेहरा उजळला. मला दिसलं ते.

मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुला काय वाटतं? तू सांगशील ते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पस्तीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघितली होती, आणि तो आला तो असा, भर दुकानात. आता गप्प बसायची सोय नव्हती. मी म्हटलं, "नाही. आता घरी राहायचं."

"ऐकलंत ना," ते लोकांना म्हणाले. एवढंच. हसून म्हणाले. लोक गेले.

मी चूक बोलले असं मला वाटत नाही. मला तो माणूस घरी हवा होता, लग्न झाल्यापासून हवा होता. सगळ्या जगाला तो मिळाला, मग उरलेला मला मिळायला नको? पुन्हा विचारलं तरी मी हेच सांगेन. पण तुम्ही आमच्या घरी या आणि सकाळी बघा. पहाटे उठतात, दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात, बूट घालतात आणि पलंगाच्या कडेला बसतात. जायचं कुठेच नसतं. दिलेला शब्द पाळणार, त्यामुळे उठतही नाहीत. दुपारी मी जेवायला घरी येते तरी तिथेच, गुडघा वरखाली. डबे मी मुद्दाम अस्ताव्यस्त ठेवून बघितले. त्यांनी हातही लावला नाही.

लेक फोनवर म्हणते, "आई, तू जिंकलीस." मला त्या शब्दाची चीड येते. मला हा माणूस हवा होता आणि आता त्याच्याकडे बघवत नाही.

काल दुकानात जायला निघाले तर हे तसेच बसलेले. म्हटलं, "अहो, निदान बूट तरी काढा." काढतो म्हणाले आणि काढले नाहीत. मग मीच पर्स बाजूला ठेवली, गुडघे दुखतात तरी खाली बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. तो माझ्या मांडीवरही हलत होता. त्यांनी मागे घेतला नाही. म्हणाले, "दुकानाला उशीर होईल तुला." होऊ दे म्हटलं. एका बुटाची नाडी लगेच सुटली, दुसऱ्या नाडीला गाठ बसली होती. मी ती नखांनी सोडवत बसले, आणि काल शटर फार उशिरा उघडलं.